दगडावरचं दुसरं नाव

११ मे १९९२, सोमवार

गुडलाइकने टाय घातला होता, तेव्हाच कळलं की बातमी मोठी आहे. संध्याकाळी शाळेच्या व्यायामशाळेत सगळ्यांना बोलावून त्याने पत्र वाचून दाखवलं. नवे राजे आणि राणी उन्हाळ्यात उत्तरेच्या किनाऱ्याने फिरणार आहेत आणि ८ जुलैला त्यांचं जहाज आमच्या स्कारवा बेटाला थांबणार आहे. वीस मिनिटं. आम्ही एकशे नव्वद माणसं. म्हणजे माणशी सहा सेकंद येतात. मी हे मोठ्याने म्हटलं तर कोणी हसलं नाही.

कामं वाटली. गुडलाइकचं दुकान आहे आणि तोच समितीचा अध्यक्ष, त्यामुळे वॉफल आणि कॉफी त्याच्याकडे. बाबांकडे दगड. धक्क्याच्या वरच्या त्या दगडावर आधीच दोन नावं आहेत. थोरल्या राजांचं १९०६ सालचं, ते माझ्या आजोबांनी कोरलं. त्यांच्या मुलाचं १९५९ सालचं, ते बाबांनी. आता नातवाचं नाव त्याखाली. माझ्याकडे पुस्तिका आली. बत्तीस पानं, तीन राजे, आमचं बेट. १९ जूनला छापखान्यात पोचली पाहिजे.

"आणि गुन्वोरइतकं योग्य दुसरं कोण आहे?" गुडलाइक म्हणाला. "एकोणसाठ साली राजाला फुलं तिनेच दिली."

टाळ्या झाल्या. थोड्या कमी झाल्या असं मला वाटलं. पण मी मास्तरीण आहे, मला टाळ्या नेहमीच कमी वाटतात.

१२ मे

बाबांना जेवताना सांगितलं. मासळीचे गोळे आणि बटाटे होते.

"तिसरं नाव तुम्हाला कोरायचंय."

"कोरू की."

"८ जुलैच्या आत. वरून झेंडा टाकून झाकणार. राजे स्वतः तो ओढतील."

त्यांनी काटा खाली ठेवला. "आत नाही. नंतर."

"नंतर कोण बघणार, बाबा?"

"आधी ते येऊ देत. जमिनीवर पाय ठेवू देत. मग कोरीन."

चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाशी वाद घालत नाहीत, म्हणून मी बटाटे वाढले. गेल्या दोन हिवाळ्यांपासून त्यांचा उजवा हात थरथरतो. मुदतीत काम होणार नाही याची त्यांना लाज वाटत असावी आणि ते असं तत्त्वाचं पांघरूण घेतायत. मी समजून घ्यायला हवं.

१७ मे, रविवार

राष्ट्रीय दिन. मुलांची मिरवणूक धक्क्यापासून चर्चपर्यंत आणि परत. अकरा मुलं, एक ढोल, वारा समोरून. नंतर दुकानापुढे आइस्क्रीम. तिथे गुडलाइकने बाबांना गाठलं.

"एयलीफकाका, राजांना काय रिकामा दगड दाखवायला बोलावलंय?"

"दोन नावं आहेत त्यावर."

"त्यांचं नाही ना."

"गुडलाइक, तू कॉड विकतोस. तो समुद्रात पोहत असताना विकतोस का?"

"ओळखीच्या गिऱ्हाइकाला विकतो."

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "तुझा बाप अगदी असंच बोलायचा."

गुडलाइकचं हसू एकदम मावळलं. तो आत गेला आणि बाबांसाठी कॉफी घेऊन आला, साखर घालून, स्वतः ढवळून. यात लागण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. त्याचे वडील एकोणसाठच्या समितीचे अध्यक्ष होते. मोठ्या आवाजाचे, आनंदी गृहस्थ होते म्हणतात.

१९ मे

यंदा फुलं ओशिल देणार. सात वर्षांची आहे, दुसरीत. शाळा सुटल्यावर तिची तालीम घेतली. गुडघ्यात किती वाकायचं, फुलं कोणत्या हाताने द्यायची.

"बाई, राजाचे हात कसे असतात?"

"मोठे. खरखरीत. माझे दोन्ही हात त्यांच्या एका हातात मावले होते."

"वास कसला येतो त्यांना?"

मुलांचे प्रश्न. पण मला आठवतं, म्हणून सांगितलं. डिझेलचा. छोट्या बोटीतून धक्क्याला आले असणार ना.

ओशिल गेल्यावर सगळं लिहून काढायला बसले, पुस्तिकेत जाईल म्हणून. मी पाच वर्षांची होते. पांढरं आकाश. म्हणजे पाणी, धक्का, आकाश सगळं एकच पांढरं. आईने शिवलेला सणाचा पोशाख, मानेला टोचणारा. बराच वेळ उभी होते. मग ते वर आले. फार उंच. काळा कोट, पितळी बटणं, आत लोकरी स्वेटर. स्वेटरला गळ्याशी वेगळ्या लोकरीने रफू केलेलं. त्यांनी टोपी काढली, माझ्यापुढे वाकले, फुलं घेतली. बँड वाजत होता. ते म्हणाले, "हात गार पडलेत तुझे." बस, एवढंच. आई मागे खुर्चीत बसली होती, अंगावर राखाडी घोंगडी. ते तिच्यापाशीही वाकले.

रफूबद्दल शहरातल्या कॉलेजात मी एकदा सांगितलं तेव्हा एक मुलगी हसली होती. ती आमच्या राजांना ओळखत नसावी. तेलटंचाईच्या वर्षी हेच राजे ट्रामने गेले आणि तिकिटाचे पैसे पुढे करत होते. असल्या माणसाचा स्वेटर रफू केलेला असला तर त्यात काय नवल?

आई त्याच उन्हाळ्यात गेली. पुढच्या आठवड्यात, मुख्यभूमीवरच्या इस्पितळात. तिला नेलं तो दिवस मला मुळीच आठवत नाही. ते एक बरं आहे.

२६ मे

आज वैतागले आहे.

पंधरा दिवस लोकांकडे एकोणसाठच्या आठवणी मागत फिरतेय. १९०६ च्या, जेव्हा इथे कोणी जन्मलंही नव्हतं, त्या हव्या तेवढ्या मिळतात. राजांनी कोणाच्या आजीला काय विचारलं, आजी काय म्हणाली, राणीची टोपी कशी उडाली. एकोणसाठचं विचारलं की सगळ्यांना काम आठवतं. एकाला गोवर झाला होता. दुसरी बहिणीच्या बाळंतपणाला दुसऱ्या बेटावर. गुडलाइक तेव्हा चौदा वर्षांचा होता, त्याला विचारलं.

"मी मासेमारीला गेलो होतो."

"राजे येणार त्या दिवशी?"

"मासे थांबतात काय राजासाठी?"

"शनिवारी? तुझे वडील अध्यक्ष असताना?"

"गुन्वोर, तुला जसं आठवतं तसंच लिही ना. तुझ्याइतकं छान कोणाला आठवणार?" आणि मला न मागता तपकिरी चीजचा मोठा तुकडा बांधून दिला.

फोटो एकही नाही. अख्खं गाव त्या दिवशी कुठे गेलं होतं कोण जाणे.

३ जून

थोरल्यांचं प्रकरण पूर्ण झालं. भराभर लिहून झालं.

आपला देश शेजाऱ्यांपासून वेगळा झाला तेव्हा स्वतःचा राजा हवा म्हणून डेन्मार्कच्या एका राजपुत्राला विचारलं. तो म्हणाला, आधी लोकांना विचारा मी हवाय का. मतं घेतली, मग होकोन हे नाव घेऊन तो आला. नोव्हेंबरातल्या बर्फात, दोन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन. पुढच्या उन्हाळ्यात राज्याभिषेक आणि उत्तरेचा दौरा. मग चौतीस वर्षांनी जर्मन आले. बाप आणि तो मुलगा, आता मिशीवाला ऊलाव, जंगलातून लपत लपत उत्तरेला आले आणि जहाजाने परदेशी गेले. पाच वर्षांनी बाप, निघाला होता बरोबर त्याच तारखेला, परत आला. बापामागून मुलगा गादीवर बसला. तो गेल्या वर्षी जानेवारीत वारला, तेव्हा राजवाड्यापुढच्या बर्फात लोकांनी मेणबत्त्या लावल्या. मुलांनी काढलेली चित्रं, पत्रं, कोणी आपली बाहुली ठेवली होती. आता नातू, हाराल्ड. त्याला कापड दुकानदाराच्या मुलीशी लग्न करायचं होतं, त्यासाठी नऊ वर्षं थांबला.

बाबांना वाचून दाखवलं. सगळं ऐकून म्हणाले, "थोरल्यांनी आधी विचारलं आणि मग आले. हे मला आवडतं." आणि आजोबांनी १९०६ चं नाव राजे येऊन गेल्यावर तीन आठवड्यांनी कोरायला घेतलं, हे पुस्तिकेत घाल म्हणाले. घातलं.

"आणि एकोणसाठचं तुम्ही कधी कोरलंत?"

"त्या वर्षी," म्हणाले, आणि झोपायला गेले. आठ वाजले होते, बाहेर लख्ख ऊन.

९ जून

दीपगृहावर माग्नहिल मावशीकडे गेले होते. तिचे यजमान तीस वर्षं तिथे रखवालदार होते, त्यांच्या नोंदवह्या तिने जपून ठेवल्यात. मला त्यातून फक्त हवामान हवं होतं. पांढरं आकाश म्हणजे ढग की ऊन, एवढंच.

मावशीने आधी कॉफी दिली. मग दुसरी कॉफी. मग म्हणाली, "तुला नक्की बघायचीय?"

"एकोणसाठची. जुलै."

"एयलीफला विचारलंस?"

"बाबांना? हवामान बघायला?"

तिने वही टेबलावर ठेवली, पण वरचा हात काढेना. "सगळं वाच मग. एकच ओळ वाचून पळू नकोस. तू लहानपणापासून पळतेस."

११ जुलैची नोंद मी जशीच्या तशी उतरवून आणली:

"पहाटेपासून दाट धुकं. भोंगा चालू. ११.५० राजांचं जहाज बाहेरच्या वाटेने उत्तरेकडे. थांबलं नाही. १.२० डॉक्टरची बोट धक्क्याला, एक आजारी नेला. ४ वाजता धुकं विरळ."

थांबलं नाही.

मी तीनदा वाचलं. मावशी म्हणाली, "गुन्वोर, खालचं वाच." मी म्हटलं, वाचलं. आणि निघाले. वाटेत दगडापाशी थांबले. बाबांच्या हातची अक्षरं, सारखी खोल, सारख्या अंतरावर. नाव. तारीख. खोटी.

१० जून

म्हणजे आधीच कोरून ठेवलं होतं. झेंडा टाकून. राजांनी ओढावा म्हणून. आणि जहाज धुक्यातून निघून गेलं आणि बेटाने ते नाव तेहतीस वर्षं तसंच ठेवलं.

बाबा आत्ता का अडून बसलेत ते कळलं. लाज हाताची नव्हती.

मला राग कशाचा येतोय हे नीट लिहिता येत नाही. नाव तसंच राहिलं याचा नाही. गावाने मला दरवर्षी 'राजाची फुलवाली' म्हणून मिरवणुकीत पुढे चालवलं. मी शाळेत निबंध लिहिला, बक्षीस मिळवलं. मी वर्गात दरवर्षी सांगते. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांपुढे मी अडतीस वर्षांची झाले.

सगळं मनानेच रचलं असेन, तर ते हात कोणाचे?

१२ जून

इंधन भरणारी बोट आज धक्क्याला होती. मी मुलांना घेऊन खाली गेले होते. वास आला.

घरी येऊन उतरवलेली नोंद काढली आणि मावशीने सांगितली होती ती खालची ओळ वाचली.

आज आणखी काही लिहीत नाही.

१४ जून, रविवार

महिन्यातून एकदा पाद्री येतो, त्यामुळे आज सगळे चर्चमध्ये. मी मध्येच उठून घरी आले तर बाबा नव्हते आणि त्यांची हत्यारांची पिशवीही नव्हती.

ते दगडापुढे मासळीच्या उलट्या क्रेटवर बसले होते. दुसऱ्या नावाभोवती खडूची चौकट आखलेली. पहिल्या अक्षराच्या कडेचा एक टवका उडालेला.

"काय करताय?"

"साफ करतोय."

"चर्च सुटायच्या आत?"

"होईल वाटलं होतं. हात साथ देत नाही."

मी शेजारी गवतावर बसले. "मी दीपगृहातली वही वाचली."

"माहीत आहे. माग्नहिलने त्याच दिवशी फोन केला. त्या बाईच्या पोटात काही राहत नाही."

"तेहतीस वर्षं राहिलं की."

"ते वेगळं," बाबा म्हणाले.

मग मी विचारलं, "तो कोण होता?"

त्यांनी छिन्नी फडक्याला पुसली. पुसायला काही नव्हतं. "टोराल्फ. डॉक्टरच्या बोटीचा कप्तान. साडेसहा फूट होता. एकाहत्तर साली वारला."

"आणि आई खुर्चीत नव्हती."

"स्ट्रेचरवर होती. पाठीमागे उशा लावल्या होत्या, आडवं झालं की तिला श्वास घेता येत नव्हता. डॉक्टरला आदल्या संध्याकाळीच निरोप धाडला होता. पण धुकं. राजाला अडवणारं तेच आणि त्यांनाही तेच."

आणि मग बाबा बोलले. त्यांना सलग इतकं बोलताना मी ऐकलेलं नाही. सकाळपासून गाव धक्क्यावर उभं होतं. पावणेबाराला इंजिनाचा आवाज आला, जवळ आला, दूर गेला. लोक बराच वेळ थांबले. मग गुडलाइकचे वडील म्हणाले, चला. बँडवाले पेट्या बंद करत होते. मी मात्र फुलं धरून तिथेच. हलेना. बाबांनी आणि दोघा शेजाऱ्यांनी आईला खाली आणलं आणि माझ्यामागे ठेवलं. तेवढ्यात धुक्यातून बोट आली.

"तुला बोट कळली," बाबा म्हणाले. "त्याच वसंतात त्या बोटीने शेजारच्या आजीला नेलं होतं आणि ती परत आली नव्हती. तुझा चेहरा बदलला. रडणार, एवढ्यात टोराल्फ पायऱ्या चढून वर आला. आणि तुझी आई म्हणाली, 'गुन्वोर, सरळ उभी राहा. राजा येतोय.'"

मी गवताची एक काडी तोडली.

"तिला दोन शब्दांपुढे श्वास पुरत नव्हता. हे एवढं लांब कसं बोलली मला अजून कळत नाही. टोराल्फने ऐकलं. तो तिथेच थबकला. तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग टोपी काढली आणि तुझ्यापुढे वाकला."

"हात गार पडलेत म्हणाला."

"तेवढंच सुचलं त्याला. राजे किती बोलतात ते त्याला तरी कुठे माहीत होतं."

मला हसू आलं आणि मग आवरलं नाही, ना हसू ना दुसरं काही. बाबा दगडाकडे बघत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "फुलं तिच्या पांघरुणावर ठेवली त्याने. बोट सुटेपर्यंत तू हात हलवत होतीस. खूश होतीस."

"मला कधीच का सांगितलं नाहीत?"

"कधी सांगणार? आठव्या दिवशी ती गेली. तिने तुला शेवटचं म्हणून जे सांगितलं, ते मी पाच वर्षांच्या पोरीला खोटं म्हणून सांगू? मग तू सहाची झालीस. मग शाळेत मास्तरांना सांगितलंस. त्यांनी मला गाठलं. मी म्हटलं, असू दे. बाकी कोणाला मी काही म्हटलं नाही, गुन्वोर. त्यांचं तेच ठरलं."

"आणि हे नाव?"

"आठवड्याभरात पुसायला आलो होतो. तू पाठोपाठ आलीस. त्यावर बोट फिरवत बसलीस. मग कसं पुसणार?" त्यांनी मानेने दगडाकडे खूण केली. "धक्क्यावर जायला दुसरी वाट नाही. रोज दिसतं. माझ्या हातचं एकच काम असं आहे. आता नवा राजा येऊन त्यापुढे उभा राहणार, आणि मी काय करू, टोपी काढू?"

चर्चची घंटा झाली. लोक आता खाली येतील.

"पुसू नका," मी म्हटलं.

"खोटं आहे ते."

"तारीख खरी आहे. जहाज इथून गेलं ते खरं आहे. धक्क्यावर एक माणूस आला आणि मी त्याला फुलं दिली, तेही खरं आहे. काय राहिलंय तेवढं लिहा."

बाबांनी छिन्नी खाली ठेवली. मग गुडघ्यांवर पुढे सरकले, तारखेखालची जागा बोटांनी मापली आणि खडूने एक शब्द लिहिला. माझ्याकडे वळून बघितलं, शाळेतली मुलं पाटी दाखवून बघतात तसं.

"धुक्यात."

मी म्हटलं, बरोबर आहे.

१५ जून

गुडलाइक सकाळीच दारात. बाबा पहाटे चारपासून दगडावर होते आणि पहिलं अक्षर झालेलं त्याने पाहिलं होतं.

"राजाच्या दगडावर हवामान? उद्या वाऱ्याचा वेगही घालणार का?"

"बस," मी म्हटलं. "कॉफी घे. मला सगळं कळलंय."

तो बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. 

"मी मासेमारीला गेलो नव्हतो," तो म्हणाला.

"ते कळलं होतंच."

"ढोल होता माझ्याकडे. तुझ्यामागे वीस पावलांवर. आम्ही पेट्यांत भरत होतो सगळं, आणि टोराल्फ वाकला. माझे बाबा, मोठ्याने बोलणारे ना, ते त्या वेळी काही बोलले नाहीत. फक्त हाताने खूण केली. वाजवा. आम्हाला कळेना कशासाठी. त्यांनी पुन्हा खूण केली. मग वाजवलं. चौदा जण. एकाला त्याच्या वाद्याचं फुंकायचं टोकच सापडत नव्हतं, त्याने नुसतं वाजवल्याचं सोंग केलं."

तर बँड मी मनाने रचला नव्हता.

"ते घरी येऊन स्वयंपाकघरात बसले," गुडलाइक म्हणाला. "नाव आधी कोरायचा हट्ट त्यांचा होता. एयलीफकाका नको म्हणाले होते. ते माझ्या बाबांनी मरेपर्यंत मनाला लावून घेतलं." मग उठला. "राहू दे तो शब्द. समितीला मी सांगतो. आणि वरचा झेंडा रद्द. झाकण्यासारखं आहेच काय?"

दारातून परत वळला. "माझा ढोल बरा वाजत होता का? तुला आठवतं का?"

मी म्हटलं, ढोल छान होता. खरं तर ढोल मला वेगळा आठवत नाही.

१९ जून

पुस्तिका दुपारच्या बोटीने गेली. एकोणसाठचं पान चार वेळा लिहिलं. शेवटी एवढंच ठेवलं, आईच्या नावासह:

"११ जुलै १९५९ रोजी राजांचं जहाज स्कारवाला थांबणार होतं. नाव आधीच कोरलं होतं. दाट धुक्यामुळे जहाज बाहेरून गेलं. दीड तासाने डॉक्टरची बोट आली आणि बोर्गनी एयलीफ यांना घेऊन गेली. पाच वर्षांच्या एका मुलीने राजांसाठी आणलेली फुलं बोटीचे कप्तान टोराल्फ यांना दिली. गावच्या बँडने त्यांना सलामी दिली. या माहितीचे साक्षीदार गावात बरेच आहेत."

बाबांनी वाचलं. चष्मा काढला, पुन्हा लावला. "बोर्गनीचं नाव छापून येणार," म्हणाले. "तिला आवडलं नसतं. तरी असू दे."

ओशिलला वर्गात मी आज खरी गोष्ट सांगितली. ती विचारात पडली. मग म्हणाली, "म्हणजे बाई, तुम्ही खऱ्या राजाला कधी बघितलंच नाही?" नाही म्हटलं. "मग तालीम कशाच्या जोरावर घेतलीत?" बरोबर आहे तिचं. उद्या तिची आजी घेणार आहे तालीम.

८ जुलै, बुधवार

स्वच्छ ऊन. पलीकडच्या बेटावरची घरं मोजता येत होती.

बाबा धक्क्यावर आले नाहीत. घरापुढच्या बाकावर सणाचा कोट घालून बसले. मी म्हटलं, चला ना. म्हणाले, "मला इथून जहाजाची डोलकाठी दिसते. बाकीचं तू बघून ये."

गेले. राजे आणि राणी आले, उतरले, ओशिलने फुलं दिली, हात बदलायला विसरली. बँड वाजला. सगळे दगडापाशी गेले तेव्हा मी मागे होते, गर्दीत माझ्यापुढे गुडलाइकची पाठ होती. दगडापुढे ते ठरलं होतं त्याहून थोडे जास्त थांबले एवढं समजलं. वॉफलला वेळ उरला नाही, म्हणून गुडलाइक अजून कुरकुरतोय.

जहाज सुटलं तशी मी वर आले. बाबा तसेच बसले होते.

"उतरले?"

"उतरले."

"तू पाहिलंस? स्वतः?"

"पाहिलं. दोन्ही पाय. उजवा आधी."

त्यांनी मान हलवली. कोट काढून त्याची नीट घडी घातली आणि तो माझ्या हातात दिला.

"मग खडू घे," म्हणाले, "आणि चल. सरळ रेघ तू मारायचीस. माझी आता येत नाही."